माळ्यावर अँटेना आणि भिंतीतली जुनी केबल: कौलारू घरात जमेल का?

सुरंगी_गुहागर:
नमस्कार. घर गुहागर तालुक्यातलं, चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, माजघरावर लाकडी माळा. केबलवाल्याने टाकलेली काळी वायर वळचणीतून माळ्यावर येते. तिथे एका चंदेरी डबीतून तिच्या तीन वाटा होतात: ओटी, माजघर आणि मागची खोली. केबल आता बंद केली आहे. अमेरिकेतल्या काही व्हिडिओंत माळ्यावर अँटेना ठेवून तो घरातल्या जुन्या केबलला जोडतात आणि सगळ्या खोल्यांत टीव्ही दिसतो. इथे तसं करता येईल का? घरच्यांना सह्याद्री आणि बातम्या पुरतात. दरमहा पैसे भरायचे नाहीत. भिंती नुकत्याच रंगवल्यात, त्यामुळे नवी वायर ओढायची नाही.

वायरमन_दाभोळखाडी:
सुरंगीताई, यात दोन प्रश्न आहेत, ते आधी सुटे करू. अँटेना माळ्यावर ठेवता येईल का? नाही. जुनी वायर वापरता येईल का? बहुतेक हो, पण तपासल्याशिवाय नाही.

अमेरिकेत वाहिन्या अजून जमिनीवरच्या टॉवरवरून हवेत सोडतात. ५००–६०० मेगाहर्ट्झच्या त्या लहरींची लांबी अर्धा मीटर किंवा थोडी जास्त असते. कौल, लाकूड, प्लायवूड यांतून थोड्या क्षीण होऊन का होईना त्या आत येतात, म्हणून तिथे माळा चालतो. आपल्याकडे दूरदर्शनचे जुने अॅनालॉग टॉवर टप्प्याटप्प्याने बंद झाले. मोक्याच्या जागचे ५० सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचे, असं प्रसार भारतीने ठरवलं होतं. माळ्यावर उत्तमातला उत्तम अँटेना ठेवलात तरी गुहागरात तो पकडणार काय?

मासिक शुल्काशिवायचा मार्ग म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. सह्याद्री त्यात आहे, आकाशवाणीची केंद्रंही आहेत. पण हा सिग्नल सुमारे ११ गिगाहर्ट्झचा, लहरीची लांबी पावणेतीन सेंटिमीटर, आणि तो ३६ हजार किलोमीटरवरून येतो. सुकं कौल त्यातला बराच भाग खातं. आषाढात भिजलेलं कौल काहीच आत सोडत नाही. पत्रा असेल तर विषयच संपला. डिशला उघडं आकाश दिसलंच पाहिजे.

म्हणून डिश बाहेर, आणि माळा जोडणीची जागा. तुमच्या तिन्ही वायरी माळ्यावर एकत्र येतात हे तुमचं भाग्य. पुष्कळ घरांत एका खोलीतून दुसरीत अशी साखळी ओढलेली असते, तिथे हे काम फार किचकट होतं.

सुरंगी_गुहागर:
म्हणजे डिशची वायर माळ्यावर आणून त्या चंदेरी डबीत लावली की झालं?

वायरमन_दाभोळखाडी:
नाही, सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. ती डबी केबलचा स्प्लिटर आहे. तिच्यावर ५–१००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असेल. डिशच्या तोंडावरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल झेलणारी डबी, आकाशातल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी कमी करून तो ९५०–२१५० मेगाहर्ट्झमध्ये पाठवतो. उदाहरणार्थ फ्री डिशची ११०९० ची फ्रिक्वेन्सी घ्या. एलएनबीतल्या ९७५० वजा केल्या की वायरीतून येतात १३४० मेगाहर्ट्झ. केबलच्या डबीला ते झेपत नाहीत.

त्याहून मोठी अडचण विजेची. एलएनबीला वीज लागते आणि ती सेट-टॉप बॉक्समधूनच, त्याच वायरीने उलट वर जाते: उभ्या ध्रुवीकरणाला (लहर उभी कंप पावते तेव्हा) १३ व्होल्ट, आडव्याला १८. केबलचा स्प्लिटर ही वीज अडवतो. बॉक्सवर 'सिग्नल नाही' येतं आणि माणूस दिवसभर डिश फिरवत बसतो. डिशचा दोषच नसतो.

तेव्हा बॉक्स आणि एलएनबी यांच्या मध्ये वायर आणि सरळ जॉइंटर यांखेरीज काहीही ठेवायचं नाही. स्प्लिटर, केबलवाल्याचा बूस्टर, टॅप, भिंतीतलं जुनं टीव्ही सॉकेट, सगळं काढा. जॉइंटर म्हणजे दोन्ही बाजूंना आटे असलेली, पिनेला (वायरीच्या टोकाच्या आट्यांच्या कनेक्टरला) पिन जोडणारी नळी. तो ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा घ्या. असे बरेचसे आतून निळे असतात.

तांबडीमाती:
डबीला हात लावण्याआधी एक सांगतो. बाहेरून येणारी ऑपरेटरची वायर सगळ्यात आधी सोडवा. काही ठिकाणी रस्त्यावरच्या अॅम्प्लिफायरला त्याच वायरीतून वीज देतात, शिवाय शेजारच्या एखाद्या बिघडलेल्या उपकरणातून गळती येऊ शकते. वायरीच्या आवरणाखालची धातूची जाळी आणि घराचं अर्थिंग यांमध्ये मल्टिमीटर एसीवर लावून बघा. काही व्होल्टहून जास्त दाखवत असेल तर हात लावू नका, ऑपरेटरला बोलवा. ती वायर कापायचीही नाही. सोडवून तिच्या तोंडाला टोपी लावा आणि बाहेरच गुंडाळून ठेवा. आपला एलएनबी चुकूनही त्या लाइनला जोडला जाता कामा नये.

सुरंगी_गुहागर:
समजलं. आता वायर चांगली आहे की नाही, हे भिंत न फोडता कसं कळणार?

वायरमन_दाभोळखाडी:
साधा मल्टिमीटर, नऊ व्होल्टची बॅटरी, चिकटपट्टी आणि पेन एवढं पुरतं. वायरीची दोन्ही टोकं मोकळी हवीत, बॉक्स किंवा टीव्ही जोडलेला नको.

पहिल्यांदा कोणती वायर कुठल्या खोलीची ते ठरवा. खोलीतल्या टोकाला मधल्या तारेवर बॅटरीचा प्लस आणि जाळीवर मायनस धरायला कुणाला तरी सांगा. माळ्यावर जिथे नऊच्या आसपास व्होल्ट दिसतील ती त्या खोलीची वायर. लगेच पट्टी लावून नाव लिहा. पुढची सगळी तपासणी या नावांवर चालते, म्हणून आळस करू नका.

मग बॅटरी काढा आणि दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली तार ते जाळी असा रोध मोजा. मीटरने काहीच दाखवता कामा नये, म्हणजे अमर्याद. काही हजार किंवा लाख ओहम दिसले तर वायरीत पाणी शिरलंय. शून्याच्या जवळ आलं तर कुठेतरी खिळा बसलाय किंवा पिनेत जाळीचा केस मधल्या तारेला चिकटलाय. पिन कापून पुन्हा मोजा. दहांतले सातआठ दोष पिनेतच निघतात.

तिसरं, खोलीतलं टोक मुद्दाम शॉर्ट करा आणि माळ्यावरून मोजा. १५ मीटरच्या आरजी-६ ला (टीव्हीच्या वायरीचा जाडसर प्रकार, आरजी-५९ त्याहून बारीक) दोन ओहमच्या आतबाहेर यायला हवेत. दहा-वीस आले तर जाळी कुजली आहे. आपल्या किनाऱ्यावर अॅल्युमिनियमच्या जाळीची पांढरी भुकटी होते आणि वरचं काळं आवरण मात्र ठणठणीत दिसतं. नुसतं बघून वायर पास करू नका.

शेवटी टोकाची दोन-तीन इंच वायर कापून आत बघा. मधली तार तांबूस चकचकीत असेल तर ठीक. काळपट-हिरवी असेल तर एक फूट मागे जाऊन पुन्हा कापा. तीन फूट मागेही हिरवी निघाली तर ती वायर सोडून द्या.

आरजी-६ की आरजी-५९ हे आवरणावर छापलेलं असतं. १३४० मेगाहर्ट्झला चांगल्या आरजी-६ मध्ये दर १० मीटरला अडीच डीबीच्या (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं एकक) आसपास जातात, आरजी-५९ मध्ये तीन-साडेतीन. घरातल्या १५ मीटरला आरजी-५९ असली तरी चालते. डिशपासून माळ्यापर्यंतचा तुकडा मात्र नवीन आरजी-६ चाच घ्या, तो पाऊस-उन्हात राहणार आहे. एकूण लांबी ४० मीटरच्या आत असेल तर बूस्टरची गरज नाही. खराब वायरीवर बूस्टर लावला तर तो खराबीच वाढवून देतो.

अलिबागचे_काका:
पिनेबद्दल चार शब्द. पिळून बसवायच्या पिना सोप्या, पण त्या खारट हवेत दोन पावसाळेही काढत नाहीत. कॉम्प्रेशन पिना घ्या, दाबायचं हत्यार नसेल तर डिश बसवणाऱ्याकडे असतं. वायर सोलताना मधली तार सहा-साडेसहा मिलिमीटर उघडी, त्यामागे तेवढाच पांढरा फोम, आणि जाळी मागे आवरणावर नीट उलटवलेली. फोमवरचं चंदेरी फॉइल तसंच ठेवायचं. पिनेत वायर ढकलली की फोमचं तोंड पिनेच्या आतल्या तळाशी समपातळीत यावं आणि मधली तार पिनेच्या कडेबाहेर एक-दोन मिलिमीटर दिसावी. कमी दिसली तर जॉइंटरच्या आत स्पर्श होत नाही, जास्त झाली तर एलएनबीचं सॉकेट फाकतं.

बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून, खालून वर गुंडाळा. खालून वर अशासाठी की कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर यावा. साध्या इन्सुलेशन टेपचा डिंक वैशाखातच वितळतो. आणि घरात शिरण्यापूर्वी वायरीला भोकाच्या पातळीखाली सहा इंचांचा झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळाशी टपकेल.

कौलाला भोक पाडू नका. भिंतीच्या माथ्यावर वाशांच्या मधल्या फटीतून वायर माळ्यावर घ्या. माळ्यावर ती जमिनीवर लोळू न देता वाशाला क्लिपांनी बांधा. लोळणारी वायर उंदीर आधी कुरतडतात.

मालवणी_माड:
माझ्या घराच्या आग्नेयेक तीन माड आसत, सोळा-सतरा मीटर उंच. डिश खय लावूची? माड तोडूचे नाय.

आग्नेय:
माड तोडायची गरज नाही, हिशोब करू.

जीसॅट-१५ आपल्या किनाऱ्यावरून आग्नेयेला आणि बराच वर दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली दिशा आणि क्षितिजापासूनची उंची अशी: अलिबागला १३० अंश आणि ५८, रत्नागिरीला १२८.५ आणि ५९.५, मालवणला १२७ आणि ६०. गुहागरला रत्नागिरीचे आकडे धरले तरी चालतील. आपल्याकडे होकायंत्राचा उत्तरेतला फरक नगण्य आहे, मोबाइलमधला चालतो. फक्त खांबापासून, पत्र्यापासून आणि गाडीपासून दोन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या आणि समोरचं एखादं झाड किंवा कोपरा खूण म्हणून धरा.

झाडाचा नियम असा: डिशच्या वर झाड जितकं उंच, त्याला १.७ ने भागा, तितकं अंतर किमान हवं. १६.५ मीटरचा माड आणि सव्वा मीटरवरची डिश म्हणजे फरक सव्वापंधरा. भागिले १.७, आले नऊ मीटर. पण झावळ्या बुंध्यापासून चार-पाच मीटर पसरतात, म्हणून बुंध्यापासून १३ मीटर सोडा. एवढी जागा नसेल तर उलट करा: माडांच्या पलीकडे, आग्नेयेच्या बाजूला खांब उभा करा, म्हणजे माड डिशच्या पाठीशी राहतील. वायर दहा मीटर वाढली तरी अडीच डीबीच जातील. खांब झावळीखाली मात्र नको, वरून नारळ पडला तर डिशचा पत्रा टिकत नाही.

आंबा-फणसाला आणखी दोन मीटरची सूट द्या, ते दरवर्षी वाढतात.

मालवणी_माड:
पलीकडे जागा आसा, कुंपणाच्या आत. बरा झाला.

जांभाचिरा:
खांबाचं मी सांगतो, कारण चिऱ्यात लोक हमखास फसतात. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यात फुगणारा अँकर बोल्ट ठोकला की पहिले दोन महिने घट्ट वाटतो, मग डिश वाऱ्याने हलत राहते आणि भोक मोठं होतं. चिऱ्याच्या भिंतीवरच लावायची असेल तर आरपार बोल्ट घाला, आतल्या बाजूने चार इंचांची लोखंडी पट्टी द्या, किंवा रेझिनने बसवायचा अँकर वापरा. दोन चिऱ्यांच्या सांध्यात बोल्ट घालू नका.

भिंतीवर आणखी एक अडचण: वळचण. आग्नेयेकडे तोंड असलेल्या भिंतीवर डिश लावली आणि छप्पर पाऊण-एक मीटर बाहेर आलेलं असलं, तर डिशची वरची कड वळचणीच्या खाली किमान सव्वा मीटर हवी, नाहीतर कौलंच आडवी येतात. शिवाय पागोळ्या थेट एलएनबीवर पडतात. कोकणातल्या बुटक्या वळचणीखाली हे सगळं बसवायला जागा उरत नाही.

माझं मत: खळ्याच्या किंवा परसाच्या कडेला खांब. दीड-दोन इंचांचा गरम जस्त दिलेला जीआय पाइप, जमिनीवर सव्वा मीटर. खाली ४५ सेंटिमीटरचा चौरस खड्डा, तेवढाच खोल, काँक्रीटने भरलेला. त्याचं वजन सव्वादोनशे किलोंच्या आसपास होतं. पाइपच्या तळाशी आडवी सळई वेल्ड करा, म्हणजे तो जागेवर गरगर फिरणार नाही. ओळंब्याने दोन बाजूंनी सरळ करा. खांब तिरका राहिला तर कोनाची पट्टी खोटं बोलते. काँक्रीट चार दिवस मुरू द्या, मगच डिश चढवा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड किनाऱ्यावर ताशी १००–११० किलोमीटरचे वारे होते, झोत १२० पर्यंत. अशा झोतात ६० सेंटिमीटरच्या डिशवर २५ किलोंच्या आसपास जोर येतो, तोही झटक्याझटक्याने. म्हणून नटबोल्ट स्टेनलेसचे, प्रत्येकाखाली स्प्रिंग वॉशर, आणि आट्यांना ग्रीस. ग्रीस नसेल तर तिसऱ्या वर्षी पाना फिरत नाही.

सुरंगी_गुहागर:
तीन टीव्हींना एका डिशवरून वेगवेगळी वाहिनी लावता येईल ना?

तांबडीमाती:
येईल. पैसे वाचवायचे तर साधा एका तोंडाचा एलएनबी आणि डिशचा स्प्लिटर. त्यावर ५–२४०० मेगाहर्ट्झ आणि वीज जाऊ देणारा असं लिहिलेलं असतं.

वायरमन_दाभोळखाडी:
मी याच्या बाजूचा नाही. एका बॉक्सने १३ व्होल्ट दिले आणि दुसऱ्याने १८, तर एलएनबी १८ चंच ऐकतो आणि पहिल्या टीव्हीवरचं चित्र जातं. त्यात दोन वाटांना साडेतीन-चार डीबी, तीन वाटांना पाच-सहा डीबी उडतात. पावसात नेमके तेच कमी पडतात.

सुरंगीताई, चार तोंडांचा एलएनबी घ्या. डिशपासून माळ्यापर्यंत तीन वायरी, माळ्यावर तीन जॉइंटर, पुढे तुमच्या तीन जुन्या वायरी. चौथ्या तोंडाला टोपी. प्रत्येक खोलीचा बॉक्स स्वतंत्र, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एलएनबीवर ९.७५ आणि १०.६ (गिगाहर्ट्झ) हे दोन्ही आकडे छापलेले आहेत ना ते बघून घ्या.

तांबडीमाती:
मान्य, तीन टीव्हींना तेच बरं. माझा उपाय दोन टीव्ही आणि दोन्ही बॉक्स सारखे असतील तरच.

सुरंगी_गुहागर:
सामान आणलं: ६५ सेंटिमीटरची डिश, चार तोंडांचा एलएनबी, ६० मीटर आरजी-६, २० कॉम्प्रेशन पिना, ४ जॉइंटर, रबर टेप. खांब उभा आहे. आता डिश नेमकी कशी लावायची?

आग्नेय:
बॉक्स आणि छोटा टीव्ही खांबाशीच आणा, तीन मीटरच्या तात्पुरत्या वायरीने थेट एलएनबीला जोडा. घरातल्या वायरी या टप्प्यात नकोतच. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. पिन लावताना-काढताना बॉक्सची वीज बंद.

बॉक्समध्ये एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००, एलएनबी वीज चालू. ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) ११०९०, व्हर्टिकल म्हणजे उभं, सिम्बॉल रेट २९५००.

डिशच्या मागच्या कोनाच्या पट्टीवर ५९ लावा. पट्टी नसेल तर डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेवर काठी टेकवून मोबाइलने कोन मोजा. आपल्या डिशा तिरप्या तोंडाच्या असतात, त्यामुळे उपग्रह ५९ अंशांवर असला तरी डिशचं तोंड उभ्यापासून ३५ अंशांच्या आसपासच मागे कललेलं दिसेल. 'डिश आकाशाकडे बघतच नाही' असं वाटून ती आणखी वर करू नका.

एलएनबी त्याच्या गळ्यात साधारण ४८ अंश फिरवावा लागतो. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हा आकडा सुरुवातीचा, शेवटी क्वालिटी (बॉक्स पडद्यावर दाखवतो तो सिग्नलच्या दर्जाचा आकडा) जिथे जास्तीत जास्त येईल तिथे थांबा.

मग १२८ अंशांच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश डिश अगदी हळू फिरवा. प्रत्येक अंशाला तीन-चार सेकंद थांबायचं, बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. सापडलं नाही तर उंची एक अंश बदला, पुन्हा तोच फेरा. डिशच्या कडेला पाच मिलिमीटर सरकणं म्हणजे एक अंश, आणि एवढ्या डिशचा झोतच जेमतेम तीन अंशांचा. घाईत फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो.

शेजारच्या स्ट्रेंग्थच्या आकड्याकडे बघू नका. एलएनबीला वीज पोचली की ती तशीही येते. क्वालिटी बघा. ९५ अंश पूर्वेला शेजारीच दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे, तोही आकडे दाखवेल. सर्च करून दूरदर्शनच्या वाहिन्या आल्या तरच आपला. मग क्वालिटी सर्वात वर असताना बोल्ट आळीपाळीने, पाव-पाव फेऱ्याने आवळा. एकदम आवळला की डिश अंशभर सरकते.

कुणाकडे खाजगी सेवेची, ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहावर लावलेली जुनी डिश पडून असेल तर तीही चालते. रत्नागिरीच्या आसपास ती पूर्वेकडे २१ अंश वळवा आणि आठ अंश खाली आणा. आधी तिच्या एलएनबीवरचे आकडे मात्र वाचा.

सुरंगी_गुहागर:
खांबाशी क्वालिटी ७८. माळ्यावरून जोडल्यावर ओटीवर ७४, माजघरात ७३. मागच्या खोलीत शून्य. त्या वायरीचा रोध आधी बरोबर आला होता: मोकळी असताना अमर्याद, शॉर्ट केल्यावर दीड ओहम.

वायरमन_दाभोळखाडी:
मागच्या खोलीचा बॉक्स चालू ठेवून माळ्यावर त्या वायरीच्या टोकाशी डीसी व्होल्ट मोजा. किती येतात? आणि रोध मोजताना तुम्ही भिंतीतल्या सॉकेटच्या आधी मोजलात की नंतर?

सुरंगी_गुहागर:
व्होल्ट शून्य. रोध सॉकेट उघडून मागच्या वायरीवरच मोजला होता. बॉक्स मात्र सॉकेटमधूनच जोडला आहे.

वायरमन_दाभोळखाडी:
मग दोष सॉकेटमध्येच. जुन्या केबल सॉकेटच्या आत छोटा कपॅसिटर असतो, तो वीज अडवतो. सॉकेट काढून टाका, मागच्या वायरीला पिन लावा आणि प्लेटमध्ये जॉइंटर बसवा. मधोमध गोल भोक असलेली साधी प्लेट मिळते.

सुरंगी_गुहागर:
तसं केलं. आता माळ्यावर १३.४ व्होल्ट, क्वालिटी ७२.

पडवी_ते_परस:
आमची अडचण वेगळी आहे. केबल ठेवायची आहे, फ्री डिशही हवी, आणि भिंतीतून एकच वायर जाते.

तांबडीमाती:
जमतं. डायप्लेक्सर नावाची जोडी मिळते, एक माळ्यावर आणि एक टीव्हीमागे. केबलचा सिग्नल साधारण ८६० मेगाहर्ट्झच्या खाली, डिशचा ९५० च्या वर, दोन्ही एकाच वायरीतून जाऊ शकतात. माळ्यावर ऑपरेटरची वायर टीव्ही लिहिलेल्या तोंडाला, डिशची सॅट लिहिलेल्या. टीव्हीमागे उलट. सॅटच्या तोंडातून वीज जाते असा घ्या आणि टीव्हीच्या तोंडाला वीज पोचत नाही हे मल्टिमीटरने बघितल्यावरच ऑपरेटरची वायर जोडा. दोन्हींत मिळून तीनएक डीबी जातात, तेव्हा डिश ७५ ची घ्या. ६० वरून ७५ ला दोन डीबी मिळतात, ९० ला साडेतीन.

अलिबागचे_काका:
विजेचं कुणी बोललं नाही. मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरची गडगड, दोन्ही आपल्याकडे जोरदार. उघड्यावरच्या खांबाला १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार देऊन ती सरळ, कमीत कमी वळणांनी अर्थिंगच्या सळईला न्या. तिन्ही वायरींच्या जाळ्या घरात शिरण्याआधी अर्थिंग ब्लॉकवर घ्या आणि तो ४ चौरस मिलिमीटर तारेने त्याच अर्थिंगला जोडा. डिशचं अर्थिंग वेगळं आणि घराचं वेगळं ठेवू नका, दोन्ही एकमेकांना जोडलेली हवीत. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा सळई न्हाणीच्या पाण्याचा ओलावा पोचतो अशा जागी ठोका.

एवढं करूनही गडगडायला लागण्यापूर्वी बॉक्सची पिन आणि विजेचा प्लग दोन्ही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावायचा नाही.

सुरंगी_गुहागर:
काका, अर्थिंग राहिलंय, ते या आठवड्यात करून घेते. मुसळधार पावसात चित्र चौकोन-चौकोन होऊन गेलं, दहा मिनिटांनी आलं. हे चालायचंच का?

आग्नेय:
ढगफुटीसारखा पाऊस असताना पाच-दहा मिनिटं जाणं हा या फ्रिक्वेन्सीचा स्वभाव आहे, पाण्याचे थेंब ती शोषतात. पण पाऊस थांबल्यावर क्वालिटी पूर्वीच्या आकड्यावर परत यायला हवी. ७४ ची ६० झाली आणि ऊन पडेपर्यंत तशीच राहिली, तर कुठेतरी पाणी शिरलंय. आधी एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी बघा, उन्हाने तडकते. मग त्याखालच्या पिना. खोल्यांचे आजचे आकडे माळ्याच्या वाशावर खडूने लिहून ठेवा, पुढच्या मृगाआधी तुलना करायला लागतील.

आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, तसंच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास, निरभ्र आकाशात काही दिवस रोज काही मिनिटं चित्र गेलं तर काहीही उघडू नका. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. झाड आडवं येतंय का हे बघायचं असेल तर तेव्हाच बघा: डिशवर त्या वेळी कशाचीही सावली पडली नाही, तर आकाश मोकळं आहे.